चौकातला सत्कार

यवतमाळहून आलेली परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, माझ्या लेकीच्या वयाची होती. तिनं मला एकच अट घातली. "ताई, काम काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. फक्त ही मुलगी इथं कशासाठी येते, हे बाहेर जाऊ देऊ नका. नाव, फोटो, गाव, कॉलेज, काहीच नाही. कायदाच आहे तसा." मी म्हणाले, "माझ्याकडून? छे!" आणि वर हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

कारण माझं तोंड कसं आहे हे सगळ्या दारव्ह्याला ठाऊक आहे. तेवीस वर्षं मी इथल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुस्तक उशिरा आणलं म्हणून मी एका तहसीलदारालाही चार माणसांत सुनावलं होतं. वडील कोर्टात नाझर होते, आजोबा तहसिलीत कारकून. आमच्या घरात कागद जपून ठेवायची रीत आहे आणि शब्द उधळायची. लोकांच्या मनात येतं आणि मग ते गिळतात. माझ्या आधी तोंडात येतं आणि मनात नंतर.

मुलगी सतरा वर्षांची, बोरी अरबची, बारावी सायन्सला. तिचा गुन्हा सांगते. मोठ्या भावाचं लग्न महागावकडच्या एका मुलीशी ठरलं होतं. त्या मुलीचा दहावीचा गणिताचा पेपर दोनदा राहिला होता, आणि गावात निघणाऱ्या एका जागेसाठी दहावी पास हवं होतं. तेव्हा मार्चच्या परीक्षेत होणाऱ्या वहिनीच्या हॉलतिकिटावर ही जाऊन बसली. उन्हाळ्यात तोंडाला ओढणी गुंडाळून हिंडायची आमच्याकडे सगळ्याच मुलींना सवय, त्यामुळे केंद्रावर आत शिरेपर्यंत कोणी पाहिलंच नाही. सापडली ती हुशारीमुळे. अख्खा पेपर दीड तासात सोडवून ही हाताची घडी घालून बसून राहिली. भरारी पथक आलं तेव्हा वर्गातली प्रत्येक मान खाली आणि प्रत्येक मांडीवर काहीतरी लपवलेलं. ही एकटी खिडकीतून बाहेर बघत होती. पथकातल्या बाईंना तेवढंच खटकलं. त्यांनी हॉलतिकिटावरचा फोटो पाहिला आणि खेळ आटोपला.

बाल न्याय मंडळापुढे ती एवढंच म्हणाली, "मीच गेली होती. मले कोनी सांगतलं नाई." पहिलीच चूक, वय लहान. मंडळानं समज दिली आणि बारा रविवार समाजसेवा करायला सांगितली. बारा रविवार नीट पार पडले, माझा अहवाल चांगला गेला, की प्रकरण बंद. पुढे आयुष्यात कोणी तिला त्याबद्दल विचारू शकणार नव्हतं.

पण मंडळाच्या वर तिचे वडील होते. परिविक्षा अधिकारी मला म्हणाली, "त्यांनी व्हरांड्यातच सांगून टाकलं. बोरीत हे एकाच्या जरी तोंडी आलं, तर त्या दिवसापासून कॉलेज बंद. मामाच्या गावाला पाठवणार आणि वर्षाच्या आत लग्न." गावात त्यांनी सांगितलं होतं की पोरगी दर रविवारी दारव्ह्याला क्लासला जाते. म्हणजे तिचं सगळं शिक्षण चार माणसांच्या बंद तोंडावर टिकून होतं, आणि त्यातलं एक तोंड माझं.

पहिल्या रविवारी मी तिला फाटक्या पुस्तकांच्या खोलीत नेलं. मैद्याची खळ कशी शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद का टाकायचं, ते दाखवलं. मोरचुदानं पुस्तकाला कसर लागत नाही. ती मान खाली घालून शिजवत राहिली, आणि खळीत एक गुठळी नव्हती. दुसऱ्या रविवारी तिनं विचारलं, "मॅडम, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट ना?" मी म्हणाले, "मला काय माहीत, मी आर्ट्सची." ती हसली. त्यानंतर तिचं माझं जमलं.

पाचव्या रविवारपर्यंत तिनं दीडशे पुस्तकं सांधली होती. ज्यांची पानं गहाळ होती त्यांची वेगळी यादी केली, छापल्यासारख्या अक्षरात. आमचा शिपाई महिनाभरात जेवढं करत नाही तेवढं ती एका रविवारी करायची आणि सव्वाच्या जीपनं परत जायची. मला तिचा अभिमान वाटायला लागला होता. अभिमान हा माझ्यासारख्या बाईच्या हातात फार वाईट. सांधलेल्या पुस्तकांच्या थप्पीशेजारी तिला उभी करून मी फोटो काढला आणि वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमची स्वयंसेविका'. नाव लिहिलं नाही, तेव्हा अट पाळली असं मला वाटलं.

खरी माती खाल्ली ती पुढच्या आठवड्यात. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, सगळं गाव त्यांना सर म्हणतं. माणूस वाईट नाही. डोळ्यांत पाणी लवकर येतं आणि दिसेल त्याचा सत्कार करायची हौस. आमच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा शालींची खरेदी जास्त होते असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. त्या दिवशी ते ऑफिसात आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ती पोरगी तुमच्या नात्यातली काय? दर रविवारी दिसून राह्यली. नाही, लोकं म्हणतात, बाई मागच्या दारानं भरती करून राह्यल्या."

माझ्या डोक्यात सणक गेली. तेवीस वर्षांत एक पेन्सिल घरी नेली नाही आणि हे मला म्हणणार! मी म्हणाले, "नात्यातली नाही सर, कोर्टानं पाठवलीय. आणि तुमच्या सगळ्या संचालकांना एकत्र केलं तरी तिच्या निम्मं काम होणार नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. मग सावरायला म्हणून उरलेलंही सांगितलं. तिचं नाव-गाव, पेपर, मंडळ, बारा रविवार. वडिलांची अटही सांगितली, म्हणजे त्यांनी गप्प राहावं. सरांचे डोळे भरून आले. चष्मा काढून पुसत म्हणाले, "बाई, हे माझ्या पोटात राहील." मी विश्वास ठेवला. परिविक्षा अधिकारीला मात्र हे कळवलं नाही. कळवायला हवं होतं, पण चूक कबूल करायला मला नेहमीच उशीर होतो.

वाचनालयाचा वर्धापनदिन त्या वर्षी रविवारी आला. तिचा दहावा रविवार. कार्यक्रम अकरा वाजता, प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातले एक पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. मुलीला मी सांगून ठेवलं होतं, की तू मागच्या खोलीतच बस, मंडपाकडे फिरकू नकोस. मी सकाळी आठला घरातून निघाले. चौकातून वळले आणि पाय जागीच थांबले.

बोरीकडच्या जीपा जिथे रिकाम्या होतात, नेमका तिथे विजेच्या खांबाला बांबू बांधून फ्लेक्स लावला होता. मधोमध भाऊ, हात जोडलेले. त्यांच्या बाजूला लहान आकारात सर. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, भाऊंच्या कोपराला लागून, गोलात तिचा फोटो. मी काढलेला. फोटोखाली पिवळ्या अक्षरांत: 'न्यायालयाने पाठवली, पुस्तकांनी घडवली!' आणि त्याच्याखाली तिचं नाव, गाव, आणि जाहीर सत्कार.

पहिली जीप पावणेनऊला येते. त्याच जीपनं ती येणार, आणि तिच्यासोबत बोरीची दहाबारा माणसं. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

सरांना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. "पाह्यलं काय बाई? कसा झाला?" आवाजात नुसता आनंद.

"सर, आत्ताच्या आत्ता काढायला सांगा तो! तुम्ही शब्द दिला होता."

"मी कुठं कोणाले सांगतलं बाई?" ते खरंच गोंधळले होते. "मी तर सत्कार ठेवला. सत्कारानं माणसाची मान वर होते, खाली नाही. तिच्या बापालेही समजू द्या पोरीनं काय कमावलं ते."

"तिचं कॉलेज बंद होईल सर."

"काही होत नाही. भाऊंच्या हातून शाल मिळाल्यावर कोणाची हिंमत आहे? आणि आता काढता कसा येईल, भाऊ त्याच रस्त्यानं येऊन राह्यले." तेवढ्यात त्यांना मंडपवाल्यानं हाक मारली आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलेनात.

परिविक्षा अधिकारीला लावला. सगळं सांगितलं, सरांना मीच सांगितल्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "मी निघते, पण मला दीड तास लागेल. तिच्या घरी फोन करून थांबवते. तोपर्यंत ते काढा ताई. कसंही काढा." दोन मिनिटांनी तिचा परत फोन आला. घरी कोणी उचलत नव्हतं, मुलीकडे स्वतःचा फोन नव्हता. आठ वाजून पंचवीस मिनिटं.

फ्लेक्सची वरची बाजू माझ्या आवाक्यात नव्हती, पण खालचा कोपरा होता. चहाच्या टपरीवरचं स्टूल मी ओढलं. चहावाला म्हणाला, "काकू, काय करून राह्यल्या?" मी म्हणाले, "सुतळी सैल झालीय." पर्समध्ये बांधणीचा कटर असतोच. स्टुलावर चढले. वय छप्पन्न, गुडघे दुखतात, खाली बघितलं की गरगरतं. रविवार सकाळ असल्यामुळे चौकात फार माणसं नव्हती. दोन म्हाताऱ्या कोथिंबिरीच्या जुड्या लावत होत्या आणि पानटपरीपाशी भाऊंचे दोन कार्यकर्ते उभे होते. ते आपापल्या मोबाईलमध्ये बघत होते.

मी तिच्या गोलाभोवती कटर फिरवला. मग खालची पट्टी, नाव आणि गाव. तुकडा सलग निघाला. त्याची घडी करून पर्समध्ये कोंबली आणि मनात म्हटलं, झालं. पण फ्लेक्स ताणून बांधलेला होता. खालचा कोपरा सुटला, वारा आत शिरला आणि फाट वर सरकली. भाऊंच्या कोपरापासून दंड, दंडापासून खांदा, खांद्यापासून थेट कानापर्यंत. चर्रर्र असा आवाज आला आणि अर्धे भाऊ खाली लोंबायला लागले.

तो आवाज कार्यकर्त्यांनी ऐकला.

"ओ बाई! भाऊंचा फोटो फाडला काय?" दोघेही धावत आले. "काहून फाडला? कोणी सांगतलं तुमाले? पैलवान, शूटिंग काढ रे!" बघता बघता तीस-चाळीस माणसं जमली. रविवार सकाळी एवढी माणसं असतात कुठे देव जाणे. मी स्टुलावरून उतरेपर्यंत कोणीतरी हवालदाराला बोलावलं. तो मला ओळखत होता, त्याची मुलगी आमच्याकडून गोष्टींची पुस्तकं नेते. तो हळूच म्हणाला, "मॅडम, चला ठाण्यात. इथं गर्दी वाढून राह्यली."

आणि तेवढ्यात बोरीची जीप आली. माणसं उतरली, गर्दीकडे वळली. सगळ्यात शेवटी ती उतरली, तोंडाला ओढणी, पाठीला दप्तर. तिनं आधी मला पाहिलं, हवालदाराच्या शेजारी. मग फ्लेक्सच्या भोकाकडे पाहिलं. मी मान वळवली. ओळख दाखवली असती तर पाऊण चौक तिच्याकडे वळला असता.

ठाण्यात ठाणेदारांनी मला खुर्ची दिली. पर्स मी दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली होती. कार्यकर्ते आता आठ-दहा झाले होते. "साहेब, गुन्हा दाखल करा. हे विरोधकांचं काम हाय. बाईले कोणीतरी पढवलं." ठाणेदार शांतपणे मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. फाडायचं कारण काय?"

मी आयुष्यात एवढ्या अडचणीत कधी आले नव्हते. खरं कारण सांगितलं तर क्षणात सुटले असते. ठाणेदारांना कायदा ठाऊक असणारच. पण खोलीत दहा माणसं, दारात वीस, खिडकीला आणखी. फ्लेक्सवरचा मजकूर कोणी वाचतच नाही, लोक फोटो बघतात. त्यांच्या लक्षात फक्त भाऊंचा कान होता. मी एक शब्द बोलले असते तर प्रत्येकानं विचारलं असतं, कोण मुलगी? कुठली?

"आणि कापलेला तुकडा कुठं आहे?" ठाणेदारांनी विचारलं.

"नालीत टाकला," मी म्हणाले. पर्सवरचे हात घट्ट झाले. एकानं ती उघडायला लावली असती तर सगळं तिथंच टेबलावर पसरलं असतं.

"कोणता तुकडा? काय होतं त्याच्यावर?" एक कार्यकर्ता पुढे सरकला.

आणि नेमके त्या वेळी सर आत आले. मंडपातून तसेच धावत आलेले, कपाळावर गंध, खांद्यावर सत्काराचीच एक शाल. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की ते दुखावलेत, आणि दुखावलेला माणूस सगळं बोलतो. "बाई, काय केलं हे?" ते म्हणाले. "ठाणेदार साहेब, मी सांगतो काय झालं. त्या फ्लेक्सवर जी पोरगी होती—"

"माझा फोटो नव्हता!" मी ओरडले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरसुद्धा.

मी उभी राहिले. "हो, माझा फोटो नव्हता. तेवीस वर्षं मी वाचनालय सांभाळलं. सरांचा फोटो आहे, भाऊंचा आहे. माझा नाही. मला राग आला. म्हणून फाडला."

खिडकीतून कोणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळं ठाणं हसायला लागलं. कार्यकर्तेही हसले. "हात्तिच्या! फोटोसाठी होय!" कोणाला एक प्रश्न विचारावासा वाटला नाही. फोटो नाही म्हणून फ्लेक्स फाडला यापेक्षा पटणारं कारण आमच्या तालुक्यात दुसरं नसेल. ज्या फोटोबाजीची मी जन्मभर टवाळी केली, तिच्यासाठीच मी आता सगळ्या गावात ओळखली जाणार होते.

सर मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "सर, चुकलं. तुमची माफी मागते. भाऊंचीही मागते. आता हा विषय इथंच संपवा, एवढी कृपा करा." माझ्या तोंडून माफी त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उतरलं. तोंड उघडं होतं ते मिटलं. मग म्हणाले, "नाही साहेब, चूक आमचीच. बाईंचा फोटो पाहिजेच होता." खांद्यावरची शाल काढून त्यांनी हातात गोळा करून धरली आणि पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत.

मी माफीनामा लिहून दिला. ठाणेदारांनी भाऊंना फोन लावला, भाऊ म्हणाले बाईमाणूस आहे, जाऊ द्या. "पहिलीच वेळ आहे," ठाणेदार कार्यकर्त्यांना म्हणाले, "समज देऊन सोडतो." नाझराची लेक मी, पोलिसांच्या रजिस्टरात सही करताना अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की मलाच वाचता येईना.

मंडपात जायची मला हिंमत नव्हती. मागच्या दारानं खोलीत शिरले. ती चुलीसारख्या त्या आमच्या जुन्या शेगडीपुढे बसून खळ ढवळत होती. परिविक्षा अधिकारी पोचली होती आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली होती. मुलीनं वर न बघता विचारलं, "मॅडम, त्या भोकात मी होती ना?"

मी पर्समधून घडी काढून तिच्या हातात दिली. तिनं उलगडून वाचली. ओठ आवळले. मी म्हणाले, "हे माझ्यामुळे झालं. तू कोर्टाकडून आलीस हे सरांना मी रागाच्या भरात सांगितलं. फोटोही मीच पाठवला. तुझ्या विश्वासाचं मी वाटोळं केलं." मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. तिनं तुकडा शेगडीत घातला. वास सुटला तशी परिविक्षा अधिकारीनं खिडकी उघडली. मुलगी म्हणाली, "रात्रीपासून लागला असन तो. कोनी ना कोनी वाचलंच असन. आता बाबा कॉलेजले जाऊ देते का नाई, काय मालूम." मंडपात टाळ्या वाजत होत्या.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. बाजारात बाया मला बघून एकमेकींना कोपर मारायच्या. एका पोरानं मुद्दाम विचारलं, "काकू, फोटो काढू काय?" मनात एकच, की फ्लेक्स शनिवारी संध्याकाळी लागला असेल तर शेवटच्या जीपनं बोरीला गेलेल्या माणसांनी काय पाहिलं असेल. परिविक्षा अधिकारीनं घरी दोनदा फोन केला. वडील "हाव, हाव" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

रविवार आला. पावणेनऊची जीप येऊन गेली. नऊ वाजले. सव्वानऊ. मी हजेरीचा कागद काढून टेबलावर ठेवला होता, त्यावर पेन. साडेनऊला पायरीवर चपलांचा आवाज आला आणि एक माणूस आत आला. पांढरा पायजमा, उन्हानं रापलेला चेहरा, हातात पिशवी. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण नाक तेच होतं. मुलीचे वडील. एकटे.

मी उभी राहिले. "दादा, मुलगी?"

"घरी हाय. तिची प्रॅक्टिकल हाय उद्या." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "ते तुमचं काम काय असते ते मले सांगा. आज तिच्या जागी मी बसतो."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी म्हणाले, "दादा, दुसऱ्याच्या जागी बसायचं नाही, म्हणून तर हे सगळं झालं."

त्यांची मान खाली गेली. ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. "त्या दिवशी मी सकाळीच आलतो दारव्ह्याले," ते म्हणाले. "सातच्या सुमारास, दुधाच्या गाडीनं. पोरीचा फोटो दिसला म्हणून आनंदानं जवळ गेलो. वाचलं. काढाले हात वर केला, अन् ते दोघं पोट्टे तिकडून पाहून राह्यले म्हणून खाली घेतला. समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसून राह्यलो. तुमी स्टुलावर चढल्या, मी पाहून राह्यलो होतो. ठाण्याच्या खिडकीतून बी पाहून राह्यलो होतो. तुमी हात जोडले. मी तोंड उघडलं नाई."

"तुम्ही कसं उघडणार होता?" मी म्हणाले. "उलट बरं झालं."

"नाई मॅडम. मंडळापुढं बी उघडलं नवतं." "तिले पेपरले मीच बसवलं. दोन दिवस जेवली नाई ती, नाई म्हणत होती. मी म्हणलो, घरच्यासाठी एवढं करत नाई तं तुहं शिकणं कोणत्या कामाचं. अन् मंडळापुढं तिनं सांगतलं, मीच गेली. मी बाजूले उभा. वरून मीच तिले म्हणलो, गावात समजलं तं कॉलेज बंद. त्या बोर्डावर फोटो माहा पाहिजे होता."

विचारायचं ते मी विचारलंच. "कॉलेज?"

"सुरू हाय. कोणत्या तोंडानं बंद करू?" त्यांनी नाक पुसलं. "गावात दोघंतिघं कुजबुजून राह्यले. कुजबुजू द्या."

मग त्यांनी मंडळाला लिहायला कोरा कागद मागितला. मी म्हणाले, लिहिलंत तर तुमच्यावर येऊ शकतं, आधी परिविक्षा अधिकारीला विचारू. ते म्हणाले, "विचारा. पण लिहून घेतो पहिले. गेलो वापस तं पुन्हा हिंमत नाई होणार." मी कागद दिला. खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले, पेन घट्ट धरलं आणि पहिली ओळ लिहिली: पोरगी आपल्या मनानं गेली नव्हती. चार ओळींना त्यांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी समोर बसून होते आणि काही बोलले नाही.